एका फिकट जांभळ्या खड्याचं प्रकरण: टाफाइटची ओळख कशी पटली

नवं खनिज सापडतं ते बहुतेक वेळा खाणीत, नदीच्या वाळूत किंवा एखाद्या कड्याच्या भेगेत. अनोळखी स्फटिक कुणाच्या तरी हाती लागतो, तपासला जातो, त्याला नाव मिळतं आणि पुढे कधी स्वच्छ, पारदर्शक तुकडा मिळाला तर त्याला पैलू पाडले जातात. टाफाइटच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. त्याला पैलू आधी पडले होते. पॉलिश झालेला, दागिन्यात बसवण्याजोगा तो खडा जुन्या खड्यांच्या पेटीत पडून होता आणि १९४५ साली डब्लिनमध्ये एका माणसाने तो नीट पाहिला, तेव्हा कळलं की असं खनिज अजून कुठल्याच नोंदवहीत नाही. सहा वर्षांनी त्यावर निघालेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही ही गोष्ट मुद्दाम सांगितली आहे: नवं बेरिलियम खनिज, पैलू पाडलेल्या रत्नाच्या रूपात सापडलेलं.

रत्नपरीक्षा शिकणाऱ्यांसमोर मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा मांडतो. टाफाइट दुर्मिळ आहे हे त्याचं मुख्य कारण नाही. हा खडा जवळजवळ प्रत्येक चाचणीत स्पिनेल या दुसऱ्याच, ओळखीच्या रत्नाचं उत्तर देतो, आणि असं का होतं याचं कारण त्याच्या आतच आहे. ते कळलं की अपवर्तनांक (खड्यात शिरल्यावर प्रकाश किती पट मंदावतो तो आकडा), घनता, स्फटिकरचना हे एरवी पाठ करायचे शब्द एका धाग्यात ओवले जातात.

खडा कुणाच्या हाती लागला

रिचर्ड टाफ यांचा जन्म १८९८ सालचा, बोहेमियातला. घराणं मूळचं आयरिश, पण पिढ्यान्‌पिढ्या हाब्सबुर्ग सम्राटांच्या सेवेत राहिलेलं. त्यांचे आजोबा एदुआर्द टाफ १८७९ ते १८९३ या काळात ऑस्ट्रियाचे पंतप्रधान होते. पहिल्या महायुद्धानंतर हे सगळं वैभव ओसरलं. रिचर्ड डब्लिनला आले आणि रत्नांच्या अभ्यासात रमले.

ऑक्टोबर १९४५ मध्ये ते डब्लिनच्या फ्लीट स्ट्रीटवर रॉबर्ट डॉबी यांच्याकडे गेले. डॉबी घड्याळजी होते आणि दागिन्यांचं कामही करत. जुने, मोडलेले दागिने उकलताना निघालेले खडे त्यांच्याकडे वर्षानुवर्षं पेट्यांत साठले होते. टाफ यांनी त्यातले बरेच खडे विकत घेतले, घरी नेऊन स्वच्छ केले, रंगाप्रमाणे वेगळे केले आणि एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायला सुरुवात केली.

ही तपासणी कंटाळवाणी असते. मिश्र ढिगातला बहुतेक माल ओळखीचाच निघतो. असं काम करताना नजर हळूहळू खड्याकडे न पाहता आपल्या अपेक्षेकडे पाहू लागते: हा लाल, म्हणजे गार्नेट; हा जांभळा, म्हणजे ॲमेथिस्ट; हा फिकट जांभळा आणि जरा जास्त चमकदार, म्हणजे स्पिनेल. त्या ढिगात १.४१९ कॅरटचा एक फिकट जांभळा खडा होता. कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, तेव्हा त्याचं वजन ०.२८४ ग्रॅमच्या आसपास भरतं. आकारमानाने तो वाटाण्याच्या निम्म्याहूनही लहान. स्पिनेल म्हणून तो कागदाच्या पुडीत गेला असता, तर त्यात कुणालाही काही खटकलं नसतं.

दुहेरी दिसणारी रेघ

टाफ यांना खटकलं ते असं. खड्याच्या वरच्या पैलूतून खाली पाहताना मागच्या पैलूंच्या कडा एकेरी दिसण्याऐवजी जोडीने दिसत होत्या.

याचा अर्थ कळायला प्रकाशाची एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. काही स्फटिकांत प्रकाश सगळ्या दिशांना सारख्याच वेगाने जातो. हिरा, गार्नेट आणि स्पिनेल त्या जातीचे. यांच्या अणूंची मांडणी घनाच्या सममितीची असते, तिला कुठलीही दिशा खास नसते. इतर स्फटिकांत शिरलेला किरण दोन किरणांत विभागतो आणि दोघांचे वेग वेगळे होतात. त्यामुळे आतून दिसणाऱ्या कडेच्या दोन प्रतिमा तयार होतात. यालाच दुहेरी अपवर्तन म्हणतात. झिरकॉनमध्ये ते इतकं जोरदार असतं की साध्या भिंगातून मागच्या कडा दोन रुळांसारख्या दिसतात. दोन अपवर्तनांकांतला फरक झिरकॉनमध्ये ०.०५९ पर्यंत जातो, पेरिडॉटमध्ये ०.०३६ च्या आसपास असतो, क्वार्ट्झमध्ये ०.००९. या जांभळ्या खड्यात तो क्वार्ट्झच्याही जेमतेम निम्मा होता, ०.००५ हूनही किंचित कमी.

याचं महत्त्व आकडेमोड केल्याशिवाय लक्षात येत नाही, म्हणून ती करून पाहू. खड्याची खोली साधारण ४ मिलिमीटर धरली, तर इतक्या कमी फरकामुळे एका कडेच्या दोन प्रतिमांत फार तर एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर पडतं, तेही आपण अनुकूल दिशेने पाहत असलो तर. जव्हेऱ्याचं नेहमीचं भिंग दहापट मोठं दाखवतं. त्यातून हे अंतर ०.१ मिलिमीटर होतं, म्हणजे साध्या डोळ्याला दोन रेषा वेगळ्या दिसण्याच्या अगदी सीमेवर. टाफ द्विनेत्री सूक्ष्मदर्शकातून पाहत होते आणि त्याची वर्धनक्षमता २१ पट होती. तिथे तेच अंतर ०.२ मिलिमीटरच्या वर जातं आणि रेघ स्पष्टपणे दुभंगते. हा खडा त्याआधी किती हातांतून गेला असेल कोण जाणे, पण भिंगातून पाहणाऱ्या कुणालाही दोष देता येत नाही. त्यांच्या भिंगाची मर्यादा आणि या खड्याचं गुपित एकाच जागी येऊन थांबत होतं.

शिवाय दिशेचा प्रश्न राहतोच. दुहेरी अपवर्तन असलेल्या प्रत्येक स्फटिकात निदान एक दिशा अशी असते, जिच्यातून पाहिलं की प्रतिमा एकच दिसते. पैलू पाडणाऱ्याने खड्याचा वरचा सपाट पैलू नेमका त्या दिशेला काटकोनात ठेवला असता, तर समोरून कितीही वर्धन केलं तरी काही दिसलं नसतं. म्हणून मी शिकणाऱ्यांना सांगतो की खडा चिमट्यात धरून निदान तीन बाजूंनी पाहिल्याशिवाय ‘दुहेरीपणा नाही’ असं लिहू नका.

उरलेल्या शक्यता

एक निरीक्षण हाती आलं म्हणून लगेच नवं खनिज जाहीर करता येत नाही. आधी ओळखीच्या सगळ्या शक्यता तपासून बाद कराव्या लागतात. टाफ यांनी तेच केलं. पुष्कराज, म्हणजे टोपाझ, दुहेरी अपवर्तनाचा असतो, पण त्याचा अपवर्तनांक १.६१ ते १.६४. हा खडा त्याच्या बराच वर होता. कुरुंदाच्या जातीतला जांभळा नीलम १.७६ ते १.७७, म्हणजे हा त्याच्या बराच खाली. शिवाय कुरुंदाची घनता ४.०० असते आणि हा ३.६ च्या आसपास. क्रिसोबेरिल १.७४६ ते १.७५५, घनता ३.७३; तोही बसत नाही. वेसुवियनाइटचा अपवर्तनांक जवळ येतो आणि दुहेरीपणाही असाच मंद असतो, पण त्याची घनता ३.४ च्या आसपास आणि तो कठिणतेत ६.५ वरच थांबतो. कायनाइटमध्ये दुहेरीपणा याच्या तिपटीहून अधिक.

रकाने भरत गेलं की सगळे आकडे एकाच नावाकडे बोट दाखवतात. स्पिनेलचा अपवर्तनांक १.७१८ च्या आसपास, घनता ३.६०, कठिणता ८. रंग जुळतो, चमक जुळते. अडचण एकच. स्पिनेलमध्ये दुहेरी अपवर्तन असूच शकत नाही.

इथे सुटकेची एक सोपी वाट होती, आणि बरेच जण तिकडेच वळतात. घनाकृती स्फटिकात वाढताना ताण राहिला, तर ध्रुवित प्रकाशात (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशात) तो दुहेरी अपवर्तनासारखं वागताना दिसतो. कृत्रिम स्पिनेलमध्ये तर हे नेहमीच दिसतं. मग ‘ताणामुळे असेल’ असं लिहून वही मिटता येते. टाफ यांनाही ही शंका आली होती. १ नोव्हेंबर १९४५ रोजी त्यांनी तो खडा लंडनला बेसिल अँडरसन यांच्याकडे पाठवला. सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं की सगळे गुण स्पिनेलचे दिसतात, पण दुहेरीपणा आहे. ताणामुळे येणारं अपवादात्मक दुहेरी अपवर्तन इतकं जोरदार असू शकतं का, असा प्रश्नही त्यांनी विचारला होता.

या पत्राबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्यात शोध लागल्याचा दावा कुठेही नाही. जे जुळतं ते सगळं मांडलेलं आहे, जे जुळत नाही तेही तितक्याच ठळकपणे मांडलेलं आहे, आणि स्वतःच्या निरीक्षणावरची सगळ्यात मोठी शंका पाठवणाऱ्यानेच लिहून दिलेली आहे. त्या शंकेचं उत्तर तसं त्यांच्या निरीक्षणातच होतं. ताणामुळे ध्रुवित प्रकाशात खडा उजळतो आणि काळवंडतो, पण पैलूंच्या कडा नीट, स्वच्छपणे दुहेरी होत नाहीत. कडा दुभंगल्या असतील तर स्फटिकाची रचनाच वेगळी असते.

लंडनमधली तपासणी

अँडरसन लंडन चेंबर ऑफ कॉमर्सच्या रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचे प्रमुख होते. ही प्रयोगशाळा १९२५ साली सुरू झाली होती, कारण बाजारात संवर्धित मोती आले होते आणि नैसर्गिक मोत्यांपासून ते वेगळे ओळखायची व्यापाऱ्यांना निकड होती. तिथे अँडरसन आणि त्यांचे सहकारी सी. जे. पेन यांच्या हाताखालून रोज खडे जात. इतका सराव असलेल्या माणसांनाही या खड्याने थांबवलं.

अपवर्तनांक मोजला. दोन आकडे आले: १.७१८ आणि १.७२३. पहिला आकडा पाहा, स्पिनेलचाच. अपवर्तनमापकावर खडा एकदा ठेवला, एक छाया वाचली आणि उचलून घेतला, तर या चाचणीतही स्पिनेलच पास होतो. खडा काचेवर हळूहळू फिरवला, डोळ्यासमोर ध्रुवक धरून वाचन घेतलं, तेव्हाच दुसरी छाया पहिलीपासून वेगळी होते, तीही मोजपट्टीवर जेमतेम अर्ध्या खुणेइतकी.

मग घनता: ३.६१. खडा आधी हवेत आणि मग पाण्यात बुडवून तोलतात, घट किती आली त्यावरून घनता काढतात. २८४ मिलिग्रॅमच्या या खड्याचं वजन पाण्यात सुमारे ७८.६ मिलिग्रॅमने घटतं. त्याच वजनाचा अस्सल स्पिनेल असता तर घट ७८.८ च्या आसपास आली असती. फरक ०.२ मिलिग्रॅमचा. हवेचा एक बारीक बुडबुडा खड्याला चिकटून राहिला तरी याहून मोठी चूक होते. या चाचणीवर भरवसा ठेवून कुणीही निर्णय दिला नसता, आणि देऊही नये.

रत्नपरीक्षेची नेहमीची हत्यारं इथे संपली. खड्याला ओळखीचं कुठलंच नाव बसत नव्हतं, पण ‘हे नाही, तेही नाही’ म्हणून ओळख पूर्ण होत नाही. पुढचं काम ब्रिटिश म्युझियमच्या नॅचरल हिस्टरी विभागात गेलं. तिथे गॉर्डन क्लॅरिंगबुल यांनी क्ष-किरणांनी स्फटिकाची आतली मांडणी तपासली. उत्तर निःसंदिग्ध होतं. स्फटिक षट्कोनी जातीचा आहे, स्पिनेलसारखा घनाकृती नाही, आणि ही मांडणी तोवर माहीत असलेल्या कुठल्याही खनिजाशी जुळत नाही.

खडा कापण्याचा निर्णय

रचना कळली, तरी खड्यात कोणती मूलद्रव्यं आहेत आणि किती, हे कळल्याशिवाय खनिजाला नाव देता येत नव्हतं. त्या काळी त्यासाठी रासायनिक पृथक्करण करावं लागे, आणि पृथक्करण म्हणजे नमुना विरघळवणं. जगात हा एकच खडा माहीत होता. तोही पैलू पाडलेला, पारदर्शक, आणि एका संग्राहकाच्या मालकीचा.

टाफ यांनी खड्याचा भाग काढून घ्यायला परवानगी दिली.

जो माणूस खडे जमवतो, त्याला हे वाक्य लिहिताना काय वाटतं ते सांगावं लागत नाही. आज लेझरने केसाच्या जाडीएवढा खड्डा पाडून मूलद्रव्यांची पूर्ण यादी मिळते, रामन वर्णपटाला (खड्यावर लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशावरून रचना ओळखण्याच्या पद्धतीला) तर तेवढंही लागत नाही. त्या वेळी खनिज म्हणून मान्यता मिळण्याची किंमत खड्याच्या वजनात मोजावी लागली. टाफ यांनी नकार दिला असता, तर त्यांच्या पुडीत एक अनामिक खडा राहिला असता आणि त्याचं वेगळेपण फक्त त्यांना आणि तीन-चार तज्ज्ञांना ठाऊक राहिलं असतं.

काही मिलिग्रॅम नमुन्यावर संग्रहालयातले रसायनतज्ज्ञ मॅक्स हे यांनी सूक्ष्म पृथक्करण केलं. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन निघाले, जे स्पिनेलमध्येही असतात. थोडं लोह निघालं, रंग त्याचाच. आणि त्यांच्या जोडीला बेरिलियम निघालं. बेरिलियम आणि मॅग्नेशियम दोन्ही आवश्यक घटक म्हणून असलेलं खनिज त्याआधी कुणाला माहीत नव्हतं. १९५१ साली अँडरसन, पेन आणि क्लॅरिंगबुल यांचा निबंध ‘मिनरलॉजिकल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि खनिजाला टाफ यांचं नाव मिळालं.

स्पिनेलचंच उत्तर का येतं

प्रकरणाचा हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो.

स्पिनेलच्या सूत्रात मॅग्नेशियमचा एक, ॲल्युमिनियमचे दोन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. क्रिसोबेरिलमध्ये मॅग्नेशियमच्या जागी बेरिलियम, बाकी हिशेब तोच: एक, दोन, चार. आता स्पिनेलचे तीन वाटे आणि क्रिसोबेरिलचा एक वाटा एकत्र करा. बेरिलियम एक, मॅग्नेशियम तीन, ॲल्युमिनियम आठ, ऑक्सिजन सोळा. हेच टाफाइटचं आज मान्य असलेलं सूत्र. म्हणजे निदान हिशेबात टाफाइट तीन चतुर्थांश स्पिनेलच आहे. त्याची घनता, कठिणता आणि अपवर्तनांक स्पिनेलजवळ घोटाळतात, यात योगायोग कसलाच नाही. त्याच मूलद्रव्यांचे अणू, जवळजवळ त्याच दाटीने बसलेले असतील, तर प्रकाशाला आणि तराजूला त्यांच्यात फारसा फरक करता येत नाही.

फरक पडतो तो थर रचण्याच्या पद्धतीत. ऑक्सिजनचे अणू सपाट थरात दाटीने बसतात आणि असे थर एकावर एक चढतात. स्पिनेलमध्ये दर तिसऱ्या थरानंतर तोच क्रम पुन्हा येतो, आणि ही रचना अशी चपखल बसते की चार वेगवेगळ्या दिशांनी पाहिलं तरी ती सारखीच दिसते. त्यामुळे स्फटिक घनाकृती होतो आणि प्रकाशाला सगळ्या दिशा समान. टाफाइटमध्ये स्पिनेलच्या धाटणीचे थर आणि बेरिलियम सामावून घेणारे थर आलटून पालटून येतात. क्रम पुन्हा जुळायला ऑक्सिजनचे आठ थर लागतात, आणि ते सगळे एकाच दिशेला रचलेले असतात. ती एक दिशा मग बाकीच्यांपेक्षा खास होते. स्फटिक षट्कोनी होतो, प्रकाश विभागतो, मागची कड दुहेरी दिसते.

वजनाच्या हिशेबाने टाफाइटमध्ये बेरिलियमचं ऑक्साइड साडेचार टक्क्यांच्या आसपास असतं. एवढ्याशा भागाने घनतेच्या आकड्यात जाणवण्याजोगा बदल होत नाही, पण सममिती मोडते. म्हणूनच संख्या मोजणाऱ्या सगळ्या चाचण्यांत हा खडा स्पिनेल ठरतो आणि सममिती विचारणाऱ्या एकाच चाचणीत पकडला जातो. टाफ यांच्या सूक्ष्मदर्शकाने नेमका तोच प्रश्न विचारला होता.

पुढचे खडे

वर्णन हाती आल्यावर दुसरा खडा शोधणं शक्य झालं. १९४९ साली पेन यांनाच तो सापडला, ०.८६ कॅरटचा; निबंध तेव्हा प्रसिद्धही झाला नव्हता. तिसरा १९५७ साली अमेरिकेत रॉबर्ट क्राउनिंगशील्ड यांनी ओळखला. म्हणजे पहिल्या बारा वर्षांत तीन खडे, तिन्ही पैलू पाडलेले. पुढे श्रीलंकेच्या रत्नवाळूत, म्यानमारमध्ये आणि टांझानियातल्या टुंडुरू भागात टाफाइट मिळू लागला, तरी आजही तो मोठ्या संग्राहकांच्या संग्रहातच दिसतो. रंग बहुतेक फिकट जांभळे, गुलाबीसर, करडे, क्वचित जवळजवळ रंगहीन. लाल टाफाइट तर फारच विरळा.

अशाच एका श्रीलंकेतल्या लाल खड्याने पुढचा गोंधळ उघड केला. १९८१ साली त्याला नवं खनिज समजून टाप्रोबेनाइट असं नाव दिलं गेलं, श्रीलंकेच्या टाप्रोबेन या प्राचीन नावावरून. दोनच वर्षांत स्पष्ट झालं की तो टाफाइटच आहे. मग दोघांची सूत्रं वेगळी कशी? कारण १९५१ चं सूत्र चुकलं होतं. त्यात स्पिनेल आणि क्रिसोबेरिल एकास एक प्रमाणात धरले होते, म्हणजे बेरिलियम प्रत्यक्षापेक्षा दुप्पट. बेरिलियम आणि ॲल्युमिनियम रासायनिकदृष्ट्या एकमेकांसारखे वागतात, त्यांना अलग करणं अवघड असतं, आणि हाताशी नमुना होता काही मिलिग्रॅमचा. या चुकीबद्दल कुणाला दोष द्यावासा मला वाटत नाही. उलट एक विलक्षण गोष्ट दिसते: टाफाइटमधला जो थर बेरिलियम सामावतो, त्या एका थराचं सूत्र काढलं तर ते १९५१ च्या सूत्राशी तंतोतंत जुळतं. रचनेच्या दोन विटांपैकी एक त्या सूत्रात होती, दुसरी सुटली होती.

याच दोन विटांनी आणखी एक खनिज बनतं. १९६७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मस्ग्रेव्ह पर्वतरांगेतून मस्ग्रेव्हाइटचं वर्णन झालं. त्यात बेरिलियमचे दोन थर आणि स्पिनेलचा एक, असं प्रमाण असतं. वाट्यांत मांडायचं तर स्पिनेल दोन आणि क्रिसोबेरिल एक. क्रम पुन्हा जुळायला इथे ऑक्सिजनचे अठरा थर लागतात. पहिल्यांदा ते रत्न म्हणून कुणाच्या डोळ्यासमोर नव्हतंच. रत्न दर्जाच्या मस्ग्रेव्हाइटची नोंद १९९३ साली झाली. २००२ साली खनिजांच्या नावांची आंतरराष्ट्रीय फेररचना झाली, तेव्हा दोन्ही खनिजं मॅग्नेशियोटाफाइट या एकाच नावाखाली आली आणि पुढे थरांचं प्रमाण सांगणारे अंक व अक्षरं जोडली गेली. संग्राहक मात्र अजूनही जुनीच नावं वापरतात, आणि ते बरोबर आहे असं मला वाटतं. थरांच्या सूत्रावर कुणाचं प्रेम बसत नाही.

मस्ग्रेव्हाइट रत्न म्हणून ओळखला गेला, तशी टाफाइटची सगळी कहाणी नव्याने घडली, फक्त आता लपून राहिलेला खडा टाफाइटच्या पुडीत होता. दोघांचे अपवर्तनांक एकमेकांत मिसळतात, घनता मिसळते, दुहेरी अपवर्तन दोघांतही तेवढंच मंद. मागची कड पाहून इथे काही निष्पन्न होत नाही, कारण ती दोन्हींत दुहेरीच दिसते. मूलद्रव्यं मोजणारं साधं क्ष-किरण यंत्र बेरिलियम पाहू शकत नाही, ते फार हलकं असतं. त्याने मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचं गुणोत्तर काढता येतं: टाफाइटमध्ये ॲल्युमिनियमच्या आठ अणूंमागे मॅग्नेशियमचे तीन, मस्ग्रेव्हाइटमध्ये त्याहून थोडं कमी, सहामागे दोन. लोह, जस्त यांनी मॅग्नेशियमची जागा घेतलेली असली की हे गुणोत्तरही डळमळतं. खात्रीने वेगळं करतो तो रामन वर्णपट किंवा क्ष-किरणांनी तपासलेली रचना. त्यामुळे ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं ‘टाफाइट’ असं लिहिलेल्या पुड्या होत्या, त्यांना त्या पुन्हा उघडाव्या लागल्या, आणि काही खडे खरोखरच मस्ग्रेव्हाइट निघाले.